ओगराळे कोणाच्या हाती? सातारा-सांगलीतील पोटभर जेवणाचा मागोवा

एकदा ठरावीक रक्कम मोजली की हवे तेवढे जेवावे, ही सोय आज सातारा आणि सांगली जिल्ह्यांत दोन रूपांत आढळते. एकात गिऱ्हाईक जागेवर बसते आणि वाढपी फिरून वाढतो, तिला ‘अनलिमिटेड थाळी’ म्हणतात. दुसऱ्यात पदार्थ मांडून ठेवलेले असतात आणि ज्याने त्याने उठून आपले ताट भरायचे असते, तो ‘बुफे’. या दोन्ही पाट्या अलीकडच्या असल्या, तरी पोटभर वाढण्याची चाल या भागात फार जुनी आहे आणि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ती देवस्थानाच्या कोठीतून खानावळीत, खानावळीतून महामार्गावर आणि तेथून थंड हवेच्या ठिकाणच्या हॉटेलांत कशी पोहोचली, हे पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. अमर्याद म्हणवणाऱ्या प्रत्येक जेवणाला कोठेतरी मर्यादा असतेच. ती कोणी घालायची आणि वाढण्याचे ओगराळे कोणाच्या हाती असायचे, एवढेच काळानुसार बदलत गेले.

हे दोन जिल्हे एकत्र पाहण्याला इतिहासाचाही आधार आहे. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. महाबळेश्वरचा धो धो पाऊस, कृष्णाकाठची काळी जमीन आणि माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांचा अवर्षणग्रस्त पट्टा एवढे टोकाचे फरक या मुलखात शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे येथे भरल्या ताटाचे अप्रूप जितके मोठे, तितकाच ताटात टाकलेल्या अन्नाविषयीचा संताप तीव्र, आणि ही दोन्ही टोके ध्यानात ठेवल्यावाचून येथील जेवणावळींचा व्यवहार उलगडत नाही.

पैशाविना पोटभर जेवणाची परंपरा प्रथम देवस्थानांनी सांभाळली. सज्जनगडावर रामदासी संप्रदायाने भिक्षेतून आलेले धान्य कोठीत, म्हणजे सामायिक धान्यसाठ्याच्या खोलीत, ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रसाद देण्याची रीत चालवली आणि तेथील महाप्रसादातील गव्हाची खीर आजही भाविकांच्या बोलण्यात असते. माण तालुक्यातील गोंदवले येथे ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांनी (१८४५-१९१३) नामस्मरणाच्या जोडीला अन्नदानाला महत्त्व दिले. पावसाने वारंवार पाठ फिरवलेल्या तालुक्यात रोजची पंगत उठावी, याचे मोल त्या भागातल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वाईत हिवाळ्यापासून एकेका घाटावर पाळीपाळीने होणाऱ्या कृष्णाबाईच्या उत्सवातही प्रसादाच्या पंगती हा मोठा भाग असतो. या सर्व ठिकाणी जेवणाऱ्याला कोणी ‘किती’ विचारत नाही. मात्र सर्वांनी एकाच वेळी बसणे, श्लोक म्हणून जेवायला सुरुवात करणे आणि पानात काही न टाकणे या तीन नियमांनी खाण्याला आपोआप वेसण बसते.

गावजेवणाची पंगत हे याच रीतीचे लौकिक रूप होय. यात्रा, लग्न, बारसे किंवा तेरावे अशा निमित्ताने घातलेल्या या जेवणात पळसाच्या पत्रावळी मांडल्या जात. मीठ, लिंबू आणि चटणी आधी फिरे, मग भाजी आणि भात, आणि त्यामागून आमटीची बादली घेतलेली तरुण पोरे रांगेतून जवळजवळ धावत जात. पत्रावळीवरच्या भातात आळे करून त्यात आमटी घेणे आणि ती फुटण्याआधी भुरका मारणे ही एक कलाच होती. मिरज आणि जत या कर्नाटकाला लागून असलेल्या भागांत गोडाला खपली गव्हाची खीर, म्हणजेच हुग्गी, असे. इतरत्र शिरा, लापशी किंवा बुंदी. येथे ओगराळे वाढणाऱ्याच्या हाती असले, तरी आग्रह हा यजमानाचा धर्म आणि हात आडवा धरणे हा पाहुण्याचा अधिकार मानला जाई. या पद्धतीची दुसरी बाजूही नोंदवावी लागते: कोण कोणत्या पंगतीला आणि कोणाच्या शेजारी बसणार हे दीर्घकाळ जातीने ठरत होते, आणि पोटभर वाढले जाणाऱ्या जेवणातही काहींची पंगत शेवटची आणि वेगळी असे.

हा भेद मोडण्याचा या भागातला सर्वांत ठोस प्रयत्न एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात झाला. त्याआधी गरीब विद्यार्थ्यापुढे दोनच मार्ग असत: माधुकरी, म्हणजे दारोदार शिजलेल्या अन्नाची भिक्षा मागणे, किंवा वार लावून जेवणे, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी ठरवून घेणे. वाईसारख्या विद्येच्या गावी या दोन्ही चाली रूढ होत्या. परंतु त्यांचा लाभ मुख्यतः ब्राह्मण मुलांना होई आणि बहुजन समाजातील खेड्यातल्या मुलाला शहरात शिकायचे तर जेवायचे कोठे, हा पहिलाच प्रश्न अडे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, जेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एका पंगतीत जेवत. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ मध्ये त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा करण्याचा मुष्टिफंड हा या स्वयंपाकघराचा एक आधार होता, आणि तो अपुरा पडला तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, हे सर्वश्रुत आहे. या पंगतीत पोटभर मिळणे ही चैन नव्हती, शिक्षणाची पूर्वअट होती.

पैसे मोजून जेवण्याची व्यवस्था, म्हणजे खानावळ, हिचा विस्तार रेल्वे, इस्पितळ आणि महाविद्यालय या तिघांच्या मागोमाग झाला, आणि हे तिन्ही घटक एकत्र आले ते मिरज-सांगलीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेहून पुणे, बेळगाव आणि कोल्हापूर या दिशांना मीटरगेज गाड्या धावू लागल्या. पुढे १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळमार्ग पंढरपूरकडून येऊन मिळाला, आणि पुणे मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर मिरज हे तीन वेगवेगळ्या रुंदीच्या रुळांचे स्थानक बनले. रुंदी बदलली की गाडी बदलावी लागे आणि गाडी बदलायची म्हणजे थांबावे लागे; अशा प्रवाशांची आणि विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या मिशन इस्पितळात आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांची मोठी गरज जेवणाची होती. सांगलीजवळ १९१९ मध्ये विलिंग्डन महाविद्यालय, १९४७ मध्ये पुढे वालचंद यांचे नाव मिळालेले अभियांत्रिकी महाविद्यालय, १९६० मध्ये कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९६२ मध्ये मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर महिन्याच्या बोलीवर जेवणारा विद्यार्थी हे खानावळीचे हक्काचे गिऱ्हाईक ठरले.

या मासिक खानावळीचे गणित बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण आजच्या अनलिमिटेड थाळीचा पाया तेथेच घातला गेला. महिन्याचे पैसे आगाऊ घेतले जात आणि पोळी, आमटी, भात यांना मोजमाप नसे. भाजी मात्र बहुधा एकदाच, फार तर दुसऱ्यांदा अर्धी मिळे. गावी जाणाऱ्याने आधी सांगितले तर तितके दिवस ‘खाडे’ म्हणून हिशेबातून वजा होत. न सांगता चुकवलेले जेवण बुडीत जाई. रविवारी दुपारी गोडाधोडाची ‘फीस्ट’ आणि संध्याकाळी चूल बंद, हा रिवाज जवळपास सगळीकडे सारखाच होता. जास्त खाणाऱ्याचा तोटा कमी खाणाऱ्याच्या आणि खाडे न सांगणाऱ्याच्या पैशातून भरून निघे. शिवाय चालवणारी बाई प्रत्येकाची भूक ओळखून असे. अशा घरगुती खानावळींपैकी अनेक विधवा किंवा एकट्या पडलेल्या स्त्रियांनी चालवल्या आणि त्यांवर मुले शिकवली. ओगराळे तिच्या हाती असल्याने ‘हवे तेवढे’ याचा अर्थ ती माणूस पाहून लावू शकत असे.

तथापि ही सारी व्यवस्था धान्याच्या उपलब्धतेवर अवलंबून होती आणि साठ-सत्तरच्या दशकांत तिची परीक्षा झाली. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले तेव्हा अनेक हॉटेलांनी सोमवारची संध्याकाळ बंद ठेवली. पुढे १९७२ च्या दुष्काळात माण-खटावपासून जतपर्यंत हजारो कुटुंबे खडी फोडण्याच्या कामावर गेली आणि सुकडी, म्हणजे मदत म्हणून वाटले जाणारे कोरडे पूरक अन्न, आणि आयात केलेला मिलो, म्हणजे लाल ज्वारी, हेच त्यांचे अन्न झाले. त्या पिढीच्या डोळ्यांदेखत भरल्या ताटाचा अर्थ बदलला, आणि पुढील काळातील ‘अनलिमिटेड’ या पाटीचे जे विलक्षण आकर्षण या भागात दिसते, त्याचे एक मूळ या आठवणीत आहे असे म्हणता येते.

सहकारी साखर कारखाने, कोयनेचे पाणी, तासगावची द्राक्षे आणि सांगलीचा हळदीचा बाजार यांतून कृष्णाकाठी पैसा खेळू लागला, तसा बाहेर जेवायला जाणे हा गरजेचा भाग न राहता हौसेचा झाला. पुणे-बंगळूर महामार्ग या शतकाच्या आरंभी चौपदरी झाल्यावर शिरवळपासून पेठनाक्यापर्यंत जेवणाची हॉटेले रांगेने उभी राहिली. इस्लामपूर-कराड परिसराने अख्खा मसूर आणि रोटी यांना ओळख मिळवून दिली. मांसाहारी ताटाने मात्र पोटभर जेवणाचे स्वतंत्र शास्त्रच रचले. अशा ताटात सुक्या मटणाची वाटी एकदाच येते, तीत मोजके तुकडे असतात. परंतु तांबडा व पांढरा रस्सा, भाकरी आणि भात यांना बंधन नसते. वाढपी स्टीलची बादली आणि ओगराळे घेऊन रांगेतून फिरतो, वाटी रिकामी दिसताच न विचारता भरतो, आणि बाजरीची किंवा ज्वारीची गरम भाकरी चुलीवरून थेट ताटात पडते. महाग जिन्नस मर्यादित आणि स्वस्त जिन्नस अमर्याद ही यामागची हिशेबी विभागणी असली, तरी गिऱ्हाइकाला ती फसवणूक वाटत नाही. कारण यात्रेच्या मटणाच्या जेवणातही तुकडे वाटणीने आणि रस्सा मुबलक हीच रीत होती.

बुफेचा उगम या पंगतीच्या परंपरेत नाही. तो महाबळेश्वर-पाचगणीच्या पर्यटनातून आला. १८२८ नंतर जॉन माल्कमच्या काळात वसलेल्या आणि पुढे मुंबई सरकारचे उन्हाळी ठिकाण बनलेल्या महाबळेश्वरात पाहुणा आठवडेच्या आठवडे मुक्काम करी आणि बाहेर जेवणाची सोय बेताची असे. म्हणून खोलीच्या भाड्यातच सर्व जेवणे धरण्याची पद्धत तेथे रुजली, जिला हॉटेल व्यवसायात ‘अमेरिकन प्लॅन’ म्हणतात. ठरलेल्या वेळी घंटा होई आणि सर्व पाहुणे एकत्र जेवत. पर्यटकांची संख्या वाढल्यावर प्रत्येकाला टेबलावर वाढणे परवडेना, तेव्हा खालून गरम राहणाऱ्या झाकणाच्या भांड्यांत पदार्थ मांडून ठेवणे सोयीचे ठरले आणि गुजराती व जैन पर्यटकांमुळे त्यात बिनकांदा-लसणाचा स्वतंत्र भागही आला. बुफे परवडण्यासाठी एका वेळी पुरेशी माणसे लागतात. ती नसतील तर मांडलेले अन्न वाया जाते. त्यामुळेच सातारा, कराड आणि सांगली शहरांत बुफे मुख्यतः रविवारी, सणाला किंवा लग्नसमारंभात दिसतो आणि एरवी तेच हॉटेल थाळीवर चालते. सूप आणि सॅलड आधी, महाग पदार्थ रांगेच्या शेवटी, आणि ताटल्या बेताच्या आकाराच्या, ही मांडणीही याच हिशेबातून आलेली आहे. याच डोंगरावर भिलारच्या स्ट्रॉबेरी महोत्सवात शेतात शिरून हवी तेवढी फळे खाण्याची मुभा पर्यटकांना दिली गेली, ती मात्र हॉटेलाऐवजी शेतकऱ्याने मांडलेली मेजवानी म्हणावी लागेल.

लग्नाच्या कार्यालयांनी बुफे खेड्यापर्यंत नेला. पंगतीला लागणारे वाढपी मिळेनासे झाले, माणसे वाढली आणि वेळ कमी पडू लागला, तेव्हा उभ्याने जेवणे रूढ झाले. त्यामुळे पंगतीतला क्रम आणि जातीचे जुने अंतर ही दोन्ही सैल झाली, हा त्याचा लाभ. परंतु आग्रह करणारा हात नाहीसा होताच त्याच्यासोबत आवरणारा हातही गेला, आणि एकदाच भरभरून घेतलेले ताट अर्धे टाकून देण्याचे प्रमाण डोळ्यांत भरू लागले. ‘ताटात अन्न टाकू नये’ ही सूचना, आणि काही ठिकाणी त्यासाठीचा दंड, हे गेलेल्या वाढप्याचे काम पाटीवर सोपवण्याचे प्रयत्न होत.

२०२० या वर्षाने हे सारे प्रकार एकमेकांसमोर आणून उभे केले. त्या वर्षी २६ जानेवारीला राज्यात शिवभोजन योजना सुरू झाली, जिच्या दहा रुपयांच्या थाळीत ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असे सर्व काही मोजून होते; अमर्याद थाळीच्या मुलखात सरकारने मर्यादेलाच हमीचे रूप दिले. मार्चमध्ये टाळेबंदी आली, ५ ऑक्टोबरपासून हॉटेले ५० टक्के क्षमतेने उघडली, तरी एकच पळी अनेकांनी हाताळण्याच्या भीतीने बुफे उशिरा सावरला. वाढपी असलेली थाळी त्या मानाने लवकर उभी राहिली.

या प्रवासाकडे पाहता सातारा-सांगलीत पोटभर जेवायला जाणाऱ्याने काय पाहावे, याचे उत्तर पदार्थांच्या संख्येत शोधण्याचे कारण नाही. तीस पदार्थ मांडलेल्या बुफेपेक्षा चार पदार्थांची थाळी अनेकदा सरस ठरते, कारण तिची भाकरी मागणीनुसार थापली जाते आणि रस्सा थिजण्याआधी वाटीत येतो. सुटीच्या दिवशी, गर्दी असताना आणि मुक्कामाच्या ठिकाणी बुफे घ्यावा, कारण तेव्हाच भांडी भराभर रिकामी होऊन पुन्हा ताजी भरली जातात. रस्त्यावर आणि आडदिवशी थाळी घ्यावी. ती घेतल्यावर वाढपी दुसऱ्यांदा न बोलावता येतो की नाही, एवढी एक खूण पुरेशी आहे, कारण देवस्थानाच्या पंगतीपासून महामार्गावरील ताटापर्यंत या मुलखाने चांगल्या जेवणाची पारख त्याच कसोटीवर केली आहे.