सिरोंच्याची ऑर्डर

सुट्टीच्या दिवसाची ड्युटी दर वेळी आम्हा तिघींनाच का, असे माझ्या ओळखीच्या एका तरुण कर्मचारी मुलीने साहेबांना लेखी विचारले. उत्तर म्हणून तिच्या हाती बदलीचा आदेश आला. कारण 'प्रशासकीय', ठिकाण सिरोंचा. त्या जागेवर तिची तीन वर्षेही भरलेली नव्हती.

राज्याचा बदल्यांचा कायदा २००५चा. तो १ जुलै २००६ला लागू झाला. एका पदावर साधारण तीन वर्षे, बदल्या एप्रिल-मे महिन्यांत, आणि मुदतीआधी हलवायचे तर विशेष कारण लेखी नोंदवून वरिष्ठांची पूर्वमान्यता, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. ते कारण कुठे नोंदवले ते दाखवा, असा माहितीच्या अधिकाराखालील अर्ज मी तिला लिहून दिला. तिच्यावरच्या अन्यायाने जितका संताप आला, तितकाच गावाच्या अपमानाने आला. प्राणहिता आणि गोदावरी जिथे भेटतात, ते गाव अजून शिक्षेसाठी वापरायचे?

इंग्रजी अमदानीत हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे होते, १८७४नंतर ते चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, एक तालुका झाले, आणि २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली जिल्ह्यात आले. कार्यालयांतल्या माणसांसाठी या सगळ्याचा अर्थ एवढाच, की वरिष्ठ कधी चंद्रपूरला बसले, कधी गडचिरोलीला, पण जवळ कधीच नव्हते. मला सांगायचे आहे ते २००५ ते २०१५ या दहा वर्षांचे. ती मी तिथे एका कार्यालयात काढली आणि तिथली भांडणे जवळून पाहिली.

बाहेरच्यांना वाटते, ती पैशांवरून होत असतील. तसे नव्हते. ६ ऑगस्ट २००२च्या शासन निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या सगळ्यांना एकस्तर, म्हणजे वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळाली आणि मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता मिळाला. भत्त्याला कमाल मर्यादा १५०० रुपयांची होती, त्यामुळे मूळ वेतन १०,०००च्या वर गेले की त्या १५ टक्क्यांना अर्थ उरत नसे. तक्रार सगळ्यांची एकच होती, म्हणून त्यावरून आपसांत वैर झाले नाही.

वैर झाले प्रतिनियुक्तीवरून. माणूस आमच्या आस्थापनेवर, पगार आमच्या पदाचा, आणि खुर्ची सुमारे २०० किलोमीटरवरच्या गडचिरोलीत किंवा थेट नागपुरात. रुजू झाल्यापासून महिन्याभरात कुणाची तरी चिठ्ठी यायची. त्याचे टेबल रिकामे, पण पद भरलेले, म्हणून दुसरा माणूस मागता येत नसे. त्याची कामे उरलेल्यांत वाटली जात. हे वाटप ज्यांनी केले त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही राग आहे, कारण प्रत्येक वेळी बोजा पडला तो चिठ्ठी आणू न शकणाऱ्यांवर. मग ती माणसे एकमेकांशीच भांडत. बैठकीत त्याला 'कर्मचाऱ्यांतील बेबनाव' म्हणत आणि दोघांनाही नोटीस देत.

दुसरी गोष्ट याहून जिव्हारी लागणारी. तालुक्यातली कितीतरी माणसे घरात तेलुगू बोलतात. लातूरहून, सांगलीहून आलेल्या आमच्यासारख्यांना सुरुवातीला एक अक्षर कळत नसे. मग प्रत्येक जबाबाला, प्रत्येक अर्जाला स्थानिक शिपाई, स्थानिक लिपिक बोलावला जाई. "अन्ना, जरा इकडे या," म्हटले की हातातले काम टाकून तो येई. हे काम कुणाच्याही कर्तव्यसूचीत नव्हते. त्यामुळे त्याचे स्वतःचे टपाल तुंबले की गोपनीय अहवालात दिरंगाईचा शेरा बसायचा किंवा प्रतवारी उतरायची. प्रतिकूल शेरा तरी कळवला जाई, उतरलेली प्रतवारी पदोन्नती अडेपर्यंत कळतही नसे. देव दत्त खटल्यात २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे असे सांगितले, तेव्हा अनेकांना आपल्या मागच्या वर्षांचा हिशेब लागला.

रजांचेही तसेच. दिवाळीत बाहेरच्यांनी गावी जायचे, हे गृहीत. गोदावरीपलीकडच्या मेडारमची सम्मक्का-सारक्का जत्रा दोन वर्षांतून एकदा येते. तिच्यासाठी स्थानिकाने चार दिवस मागितले की साहेब विचारत, "जत्रेसाठी रजा?" एका लिपिकाने याच प्रश्नानंतर शेजारच्या टेबलाशी बोलणे सोडले होते, कारण दिवाळीत ते टेबल त्यानेच सांभाळले होते.

मग एक अधिकारी आले. त्यांनी पहिल्या आठवड्यात बोलणे तुटलेल्या त्या दोघांना वेगवेगळे बोलावून ऐकून घेतले, नंतर समोरासमोर बसवले. मूळ भांडण रजेचे आहे हे त्यांना तासाभरात कळले, जे आधीच्यांना नोटिसा काढूनही कळले नव्हते. सूचनाफलकावर दोन तक्ते लागले. एक रजांचा, त्यात दिवाळी आणि मेडारम एकाच मापाने धरलेली. दुसरा ड्युटीचा, पाळीपाळीने. डिसेंबर २०१०मध्ये प्राणहितेचे पुष्कर हे स्नानपर्व आले, बारा दिवस घाटावर माणसांचा पूर. रात्रपाळीच्या तक्त्यात पहिले नाव साहेबांचे होते आणि ते रात्रभर घाटावर थांबले. त्यानंतर पाळीवरून कुणी हुज्जत घातली नाही. दुभाष्याचे काम ज्याने केले, त्याच्या अहवालात ते प्रथमच चांगले काम म्हणून लिहिले गेले.

त्यांची बदली झाली आणि तक्ते महिन्याभरात उतरले. एप्रिल २०१४च्या लोकसभा निवडणुकीत ड्युटीची यादी पुन्हा बंद दाराआड ठरली. दुपारी तीनपर्यंत मतदान, काही केंद्रांवर हेलिकॉप्टरने पथके, अशा भागात कुणाचे नाव कापले गेले आणि कुणाचे राहिले याला जिवाची किंमत असते. ज्यांची नावे कापली गेली त्यांच्याशी उरलेल्यांनी पुढे किती तरी दिवस चहाही घेतला नाही.

मी तिथून परतल्यानंतर गोदावरीवर पूल झाला, पलीकडचे कालेश्वर नावेशिवाय गाठता येऊ लागले. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत २०१७पासून अवघड आणि सर्वसाधारण क्षेत्र ठरवून संगणकावर याद्या लागू लागल्या. त्यातही पळवाटा निघाल्या, तरी यादी डोळ्यांना दिसते. बाकीच्या बऱ्याच खात्यांना तेवढेही जमलेले नाही. एप्रिल २०२२मध्ये प्राणहितेचे पुष्कर पुन्हा आले, तेव्हा जुन्या सहकाऱ्याला मी फोन करून ड्युट्या कशा लागल्या ते विचारले. तोंडी निरोपाने, म्हणाला, आणि घाटावर रात्री तीच माणसे. प्राणहितेचे पुष्कर बारा वर्षांनी येते. पूर दर पावसाळ्यात येतो, निवडणुकाही मध्ये येतच राहतात, आणि तक्ता लावायला एक कागद लागतो.