रस्त्यावरची बंधुता

येडशी हे रस्त्यांचे गाव आहे. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक २११, आताचा ५२) आणि बार्शी-लातूर रस्ता येथे एकत्र येतात. त्याच्याही आधी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी या भागातून धावू लागली. १९०७ मध्ये ती तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. आज चौपदरी महामार्गावरून मालाचे ट्रेलर, एसटी आणि मोटारी रात्रंदिवस जातात. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या जोडट्रॉल्या आणि ऊसतोड कामगारांचे संसार याच वाटेने जातात. श्रावणात रामलिंगाची गर्दी असते, नवरात्रात तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रांग लागते. इतक्या वेगवेगळ्या गतीची माणसे आणि वाहने एकाच डांबरावर असताना एकाने दुसऱ्याशी कसे वागावे, हा या लेखाचा विषय आहे.

शाळेच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना त्यांच्या आईवडिलांनी एसटीने किंवा सायकलवर पत्र्याची पेटी बांधून वसतिगृहात आणून सोडले होते. तेच विद्यार्थी आज स्वतःच्या वाहनाने मेळाव्याला येतात. घरातली पहिली मोटारसायकल, वस्तीतली पहिली चारचाकी ही आपल्या समाजात साधी खरेदी नसते. ती का नसते, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो.

रस्ता सर्वांचा असतो, हे वाक्य आज आपण सहज उच्चारतो. पेशवाईत अस्पृश्यांच्या रस्त्यावरील वावरावर कोणती बंधने होती, याचा उल्लेख बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या प्रबंधात केला आहे. केरळमध्ये, तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानात, अय्यनकाली यांनी १८९३ मध्ये स्वतःची बैलगाडी सार्वजनिक रस्त्यावरून हाकली. केवळ गाडी हाकणे हे त्या काळी बंड होते. पुढे १९२४ मध्ये त्याच संस्थानात वायकोमचा सत्याग्रह झाला. तो मंदिरप्रवेशासाठी होता, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात मागणी मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालू देण्याची होती, आणि दीर्घ सत्याग्रहानंतर त्यांपैकी सगळे रस्ते खुले झालेच नाहीत.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या आयुष्यातही वाहनाचे दोन प्रसंग आहेत. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात ते त्यांनी नोंदवले आहेत. पहिला १९०१ चा. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच कोणीही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, तेही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार.

दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा, आणि आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचा. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब त्या भागात होते. धुळ्याहून परतताना चाळीसगावच्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. महारवाडा स्टेशनपासून दूर, नदीपलीकडे होता. पाहुण्याने पायी चालणे लोकांना बरे वाटेना. पण गावातला एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकण्यास तयार नव्हता. टांगा मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. अखेर वस्तीतल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला, ज्याने यापूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. स्टेशनपासून थोड्याच अंतरावर समोरून आलेल्या मोटारीशी होणारी टक्कर थोडक्यात टळली. पुढे नदीवरील पुलावर टांगा उलटला. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला आणि घोडा टांग्यासह खाली नदीत पडला.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून वाचतो आणि ते योग्यच आहे. परंतु तो रस्त्यावरील अपघाताचाही दाखला आहे. ज्याला वाहन हाकता येत होते त्याने आपल्या मोठेपणापायी ते हाकले नाही. ज्याला येत नव्हते त्याने प्रेमापोटी हाकले. एका बाजूला अहंकार आणि दुसऱ्या बाजूला अप्रशिक्षित हात. आजच्या महामार्गावरील बहुतेक अपघातांचे कारण शोधू गेल्यास यांपैकी एक किंवा दोन्ही सापडतात, असे माझे मत आहे.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद १५ ने धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापरापासून रोखण्यास मनाई केली. या यादीत रस्ते मुद्दाम लिहावे लागले, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगितली पाहिजे. आपल्या परिसराला हा इतिहास परका नाही. येथून जवळच कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद झाली आणि त्यांची बैलगाडीतून मिरवणूक निघाली. भर रस्त्यातून, वाजतगाजत.

रस्त्याचा हक्क असा मिळाला. हक्क कायद्याने मिळवता येतो. बंधुता मात्र कायद्याने पूर्ण मिळत नाही, ती लोकांच्या वागण्यातून यावी लागते, हा बाबासाहेबांच्या विचारातील महत्त्वाचा धागा आहे. या बंधुतेची परीक्षा रस्त्यावर सर्वांत कठोर होते. घरात, वस्तीत, कार्यालयात समोरचा माणूस कोण हे आपल्याला माहीत असते. रस्त्यावर समोरून येतो तो फक्त एक प्रकाशझोत. त्याचे नाव, गाव, जात काहीच ठाऊक नसते, आणि तरीही काही क्षणांसाठी त्याचा जीव आपल्या हातात असतो.

त्या प्रकाशझोतापासूनच सुरुवात करू. समोरून वाहन येत असताना दिवा ‘डिपर’ न करणे, ही आपल्याकडची सर्वांत सार्वत्रिक सवय आहे. प्रखर प्रकाश डोळ्यांवर पडला की दृष्टी पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. पाच सेकंद डोळे दिपले असे धरले, तर तो चालक ८० मीटरहून अधिक अंतर जवळजवळ आंधळेपणाने कापतो. त्या ८० मीटरमध्ये मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली असू शकते, सायकलवरून परतणारा मजूर असू शकतो. ‘समोरचा डिपर देत नाही, मग मी का देऊ?’ हा प्रश्न मी अनेक सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकला आहे. या हिशेबात दोन आंधळे चालक एकमेकांच्या दिशेने येतात, एवढेच साध्य होते.

दुसरी सवय उलट्या दिशेने येण्याची. महामार्ग चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला, आणि पलीकडच्या शेताला जायला पुढच्या वळणापर्यंतचा फेरा पडू लागला. म्हणून दुचाकीस्वार ‘एवढ्याशासाठी काय’ असे म्हणत राँग साइडने निघतो. त्याची अडचण खरी आहे. रस्ता आखणाऱ्यांनी गावकऱ्यांच्या पायवाटांचा पुरेसा विचार केलेला नसतो, हेही खरे आहे, आणि त्यासाठी भुयारी मार्ग व सेवा रस्ते मागण्याचे काम ग्रामसभेने नेटाने केले पाहिजे. पण समोरून ताशी ८० च्या वेगाने येणारा ट्रक सेकंदाला २२ मीटर पुढे सरकतो आणि चालकाच्या ध्यानात धोका येऊन त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच साधारण एक सेकंद निघून जातो. वाचवलेले पेट्रोल आणि हे २२ मीटर यांची तुलना प्रत्येकाने स्वतः करावी.

घाटाचा एक नियम फार थोड्यांना माहीत असतो. अरुंद चढावर दोन वाहने समोरासमोर आली तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला आधी वाट द्यावी. कारण साधे आहे: भरलेले वाहन चढावर एकदा थांबले की पुन्हा गती घेणे त्याला कठीण जाते, प्रसंगी ते मागे घसरते. बालाघाटच्या डोंगररांगेत राहणाऱ्यांनी तरी हा नियम पाठ करावा. ज्याच्यावर ओझे अधिक त्याला वाट आधी, हे तत्त्व मला रस्त्याबाहेरही पटते. रामलिंगच्या अभयारण्यातून जाताना हॉर्न वाजवू नये आणि माकडांना खाऊ टाकू नये. खाऊच्या आशेने ती रस्त्यावर येतात आणि चिरडली जातात. शाळा, रुग्णालये व न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते. याविषयी अधिक लिहीत नाही, कारण आपल्या काही माजी विद्यार्थ्यांच्या आगमनाची वार्ता आम्हाला फाटकापासूनच कळते.

बंद पडलेल्या ट्रकभोवती दगड आणि बाभळीच्या फांद्या मांडण्याची पद्धत आपण पाहतोच. ट्रक दुरुस्त होऊन जातो, दगड तिथेच राहतात आणि रात्री त्यांवर एखादा दुचाकीस्वार आदळतो. सोयाबीन किंवा तुरीची रास रस्त्यावर वाळत घातली की तिच्याभोवतीही दगडच असतात. शेतकऱ्याकडे खळे उरले नाही, ही व्यथा मान्य. निदान सूर्यास्तापूर्वी ते दगड उचलावेत.

२०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. महाराष्ट्रातील संख्या पंधरा हजारांहून अधिक होती. मृतांपैकी ४४ टक्क्यांच्या आसपास दुचाकीवरचे होते आणि जवळजवळ पाचातला एक पायी चालणारा होता. म्हणजे मरणाऱ्यांत मोठी संख्या ज्यांच्याभोवती लोखंडाचे कवच नाही अशांची असते. आपल्या समाजातील कष्टकरी याच गटात अधिक आहेत. चारचाकीत बसलेल्या माणसाने पादचाऱ्याकडे ‘हा मध्येच कुठे आला’ अशा नजरेने पाहिले, की टांगेवाल्याचा तो जुना मोठेपणा नव्या बैठकीवर येऊन बसतो. मग तो चालक कोणत्याही समाजाचा असो.

आता थोडे कडू बोलतो. चौदा एप्रिलच्या मोटारसायकल रॅलीत एका गाडीवर तिघे, डोक्यावर शिरस्त्राण नाही, सायलेन्सर काढलेला, आणि मागे अडकलेली रुग्णवाहिका, हे दृश्य आपण पाहिले आहे. इतरांच्या मिरवणुकांतही हेच घडते, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. रुग्णवाहिकेला वाट न देणे हा २०१९ च्या सुधारणेनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे, पण दंड नसता तरी ज्यांच्या जयंतीसाठी आपण निघालो त्यांचा पाय अपघातात मोडला होता, एवढे आठवायला हवे. चैत्यभूमी किंवा दीक्षाभूमीला जाताना मालवाहू टेम्पोत माणसे दाटीवाटीने बसवून रात्रभर एकाच चालकाकडून गाडी चालवून घेणे, हाही तसाच प्रकार. मालवाहू वाहनातून प्रवासी नेणे कायद्याला मान्य नाही आणि अपघात झाल्यास विम्याच्या भरपाईतही अडचणी येतात.

क्रमांकाच्या पाटीवर ४१४१ चे ‘दादा’ आणि ८०५५ चे ‘बॉस’ करणाऱ्यांविषयी एवढेच म्हणतो की, पाटी वाचता यावी म्हणून असते. वाहन आपल्या घामाचे आहे, त्याचा अभिमान जरूर असावा.

आपल्याला यासाठी नवे नीतिशास्त्र शोधावे लागत नाही. पाचवे शील मद्याचा त्याग सांगते तेव्हा ते मद्याला प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे, ठिकाण मानते. मोटार वाहन कायदा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्काची मर्यादा घालतो. शील त्याही आधी थांबते. बुद्धाने ज्या अप्रमादावर अखेरपर्यंत भर दिला, त्याचा चालकाच्या बैठकीवरील अर्थ पूर्ण जागेपणा असा होतो. गाडी चालवताना मोबाइलवर बोलणारा माणूस प्यालेला नसतो, पण जागाही नसतो.

पालकांना स्वतंत्रपणे सांगायचे आहे. सुटीत घरी आलेल्या नववीच्या मुलाच्या हाती गाडीची किल्ली देणे म्हणजे लाड नव्हे. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. पोलीस भरतीची किंवा चालकाच्या नोकरीची स्वप्ने पाहणाऱ्या घरांनी हे शेवटचे कलम दोनदा वाचावे.

राहिला प्रश्न अपघात पाहिल्यावर थांबण्याचा. ‘पोलिसांचे लचांड मागे लागेल’ या भीतीने चांगली माणसेही पुढे निघून जातात. आपल्या वस्त्यांना पोलीस ठाण्याचा जो अनुभव आहे, तो पाहता ही भीती निराधार म्हणता येत नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीमुळे दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, रुग्णालयाला त्याला अडवून ठेवता येत नाही, आणि साक्षीदार व्हायचे की नाही हे तो स्वतः ठरवतो. थांबताना आपले वाहन रस्त्याच्या कडेला पूर्ण बाहेर घ्यावे, चारही इंडिकेटर लावावेत आणि १०८ वर दूरध्वनी करावा. पलीकडून पहिला प्रश्न ठिकाणाचा येतो. त्या वेळी ‘येडशीच्या पुढे’ एवढे सांगून भागत नाही. कोणत्या शहराकडे जाणारी बाजू आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरील आकडा, या दोन गोष्टी आधी पाहून ठेवाव्यात.