व्हायोलिनच्या मैफलीतून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?

पीएच.डी.च्या मुलाखतीत "काय करायचंय?" असं विचारलं, की बरेच जण "ध्वनिशास्त्रात काम करायचंय" असं सांगतात आणि तिथेच अडकतात. कारण हा विषय झाला, संशोधनाचा प्रश्न नव्हे. विषयातून प्रश्न कसा काढायचा, हे आज एका वेगळ्या उदाहरणावरून बघू : शास्त्रीय व्हायोलिनची मैफल.

जळगावात बालगंधर्व संगीत महोत्सव होतो, धुळ्याहून तो गाठण्यासारखा आहे. व्हायोलिन तिथे ऐका किंवा गावातल्या छोट्या सभागृहात, पण शक्यतो पुढे बसा. मागे बसलं तर स्पीकरचा आवाज ऐकू येतो, पण वादकाचा हात नीट दिसत नाही. आणि आपलं अर्धं निरीक्षण हातातच आहे.

आधी नुसतं बघा. आपला वादक मांडी घालून बसतो. व्हायोलिनचं एक टोक उजव्या पावलावर, दुसरं छातीशी टेकलेलं. पाश्चात्त्य वादक मात्र ते हनुवटीखाली धरतो. असं का? आपल्या बैठकीत वाद्याचा भार पाऊल आणि छाती घेतात, त्यामुळे डावा हात तारेवर मोकळा सरकतो. या वाद्याला सतारीसारखे पडदे नाहीत. म्हणून एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड जाणारी मींड काढता येते. पं. डी. के. दातार किंवा डॉ. एन. राजम यांचं वादन 'गायकी अंगाचं' म्हणतात, त्यात या मींडेचा मोठा वाटा आहे.

मग 'का' विचारा. गज तर एकाच दिशेने सरळ ओढला जातो, मग तार कंप कशी पावते? गजाच्या केसांना राळ लावलेली असते. तार केसांना चिकटते, गजाबरोबर ओढली जाते, ताण वाढला की सुटून मागे येते आणि पुन्हा चिकटते. सूर 240 हर्ट्झचा असेल तर हे एका सेकंदात 240 वेळा घडतं. बिजागरी करकरते तेव्हाही असंच चिकटणं-सुटणं चालू असतं. फरक इतकाच, की इथे तार त्याला एका ठरावीक तालात बांधते.

आता प्रश्न अरुंद करा. "व्हायोलिन गोड का वाजतं?" हा प्रश्न मोजता येत नाही. "गज घोडीच्या जवळ नेला, तर तोच सूर टिकवायला जास्त दाब लागतो का?" हा मोजता येतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी असेच प्रश्न घेतले. 1917 पर्यंत ते कलकत्त्यात अर्थखात्यात नोकरी करत होते आणि ऑफिसच्या आधी-नंतर प्रयोगशाळेत बसत. व्हायोलिनच्या तारांवरचा त्यांचा मोठा प्रबंध 1918 चा. पुढे त्यांनी यंत्राने वाजणारं व्हायोलिन तयार केलं, म्हणजे गजाचा वेग, जागा आणि दाब एकेक करून बदलता येतील. वादकाच्या हातात हे तिन्ही एकदमच बदलतात, मग कशामुळे काय झालं ते कळणार कसं? उत्तर मिळालं : गज घोडीजवळ नेला किंवा वेगाने ओढला, तर दाब वाढवावा लागतो.

वहीत तीन रकाने करा : काय दिसलं, काय वाटलं, कसं तपासता येईल. "आलापात गज संथ होता" हे दिसलेलं. "त्यामुळे सूर गंभीर वाटला" हा आपला अर्थ. हे दोन एकाच रकान्यात गेले की पुढे विश्लेषणात गोंधळ होतो. रेकॉर्डिंग करायचं तर आधी परवानगी घ्या. फोन बरेचदा आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतो, तेव्हा त्यावरून सुराच्या जोराची तुलना करू नका.

"मग रामन यांच्यानंतर आपल्याला काय उरलं?" असं वाटेल. हे बघा : दाबाचा हा नियम एका स्थिर सुराचा आहे. मींड घेताना तारेची वाजणारी लांबी सतत बदलते. त्या वेळी वादक गजाचा दाब बदलतो का? बदलत असेल तर केव्हा? यावर आधी कोणी काय केलंय ते शोधून वाचा, मगच पुढे जा. पण मुलाखतीत "ध्वनिशास्त्र" म्हणण्याऐवजी हे एक वाक्य सांगितलंत, तर पुढची चर्चा तुमच्या प्रश्नावर होईल.