उंच ग्लासातलं सरबत

मे महिन्यात आमच्या कोकणातल्या घरी दोन्ही भावांची मिळून चार मुलं जमतात. नऊ महिन्यांचं बाळ, चार वर्षांची धाकटी, आठ वर्षांचा मधला आणि चौदा वर्षांची थोरली. मी त्यांची आत्या. बालवाडीत निम्मं आयुष्य गेलं, पण एका छपराखाली चार वयं एकदम हाती लागण्याची चैन तिथे नव्हती.

दुपारी पडवीत बाळासमोर दोन रुमाल पसरले. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या देखत डावीकडच्या रुमालाखाली सरकवला. त्यानं रुमाल ओढला, जुडगा थेट तोंडात. तीनदा हाच खेळ झाला. चौथ्यांदा जुडगा उजवीकडे लपवला, तोही त्याच्या डोळ्यांदेखत, आणि क्षणभर थांबले. त्याचा हात पुन्हा डावीकडेच गेला. खाली काहीच सापडेना, तेव्हा स्वारी रुमालच चघळत बसली.

झाँ पियाजे या स्विस अभ्यासकानं स्वतःच्या तीन मुलांचं बाळपण असंच टिपून ठेवलं होतं. त्याआधी, १९२० च्या सुमारास, पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिचाचण्या घेण्याचं काम त्याच्याकडे आलं. बरोबर उत्तरं मोजायची, एवढंच अपेक्षित होतं. त्याचं लक्ष खिळलं चुकांवर, कारण एका वयाची मुलं साधारण एकाच तऱ्हेनं चुकत होती. आमच्या कामाचं मर्मही तेच. मूल चुकलं की ‘कशावरून गं?’ विचारायचं आणि गप्प बसायचं. त्यातलं गप्प बसणं शिकायला मला बरीच वर्षं लागली.

दोन सारख्या फुलपात्रांत कोकम सरबत ओतलं. धाकटीनं डोळा लावून बघितलं आणि ‘सारखं’ असा निवाडा दिला. मग एक फुलपात्र तिच्यासमोरच उंच, निमुळत्या ग्लासात रिकामं केलं.

“आता कशात जास्त?”

“ह्यात.”

“कशावरून?”

“इथपर्यंत आलंय ना!” तिनं ग्लासावर बोट टेकवलं.

ग्लास बारीक आहे हे तिला दिसत होतंच. पण उंची आणि रुंदी एकदम हिशेबात धरणं तिला अजून जमत नाही. मधल्याला राहवेना. “अगं, सांडलंय कुठे? परत ओत, तेवढंच होईल!” झालेली क्रिया मनातल्या मनात उलटी फिरवून बघणं सातव्या वर्षाच्या आगेमागे येतं. मात्र त्याला वस्तू समोर लागते.

थोरलीला दोरा, कुलूप आणि किल्ली दिली. झोके भरभर कशानं होतील? मधल्यानं आखूड दोऱ्याला कुलूप आणि लांब दोऱ्याला किल्ली बांधली, आणि ‘जड ते लवकर झुलतं’ असं जाहीर करून मोकळा झाला. “तू दोन गोष्टी एकदम बदलल्यास,” ती म्हणाली. “दोरा तेवढाच ठेव.” मग मोबाइलवर वेळ लावून दहा-दहा झोके मोजले. कुलूप असो की किल्ली, वेळ जवळपास तेवढाच. दोरा आखूड केला की झोके भरभर. पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी जिनिव्हातल्या मुलांपुढे हेच कोडं ठेवलं होतं. शक्यता आधी मनात मांडून एकेक तपासणं हे किशोरवयातलं पाऊल. सगळेच ते एकाच वयात टाकतात असं मात्र नाही.

शेवटी चिंचोके. सहा-सहाच्या दोन रांगा. एक रांग मी पसरवली, तर धाकटीच्या मते लांब रांगेत जास्त. रांगा पुन्हा सारख्या लावतेय तोच बाळ रांगत आलं आणि त्यानं एक रांग पार विस्कटली. सवयीनं विचारलं, “आता?”

“तेवढेच. बाळानं नुसते पसरलेत.”

मी बघतच राहिले. थोरली म्हणाली, “आत्या, मघाशी तू मुद्दाम पसरवलेस आणि परत तेच विचारलंस. बाई दुसऱ्यांदा विचारतात तेव्हा पहिलं उत्तर चुकलेलं असतं.”

१९७० च्या दशकात मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी नेमका हाच धागा पकडला होता. एका खेळण्यातल्या खोडकर अस्वलाकडून त्यांनी रांग विस्कटवली, तर चार ते सहा वर्षांची कितीतरी जास्त मुलं बरोबर उत्तर देऊ लागली. मूल चिंचोक्यांबरोबर विचारणाऱ्याचाही अंदाज घेत असतं. धाकटीच्या मनात काय चाललं असेल, हे थोरलीला माझ्याआधी दिसलं.

संध्याकाळी सरबताची दुसरी फेरी निघाली. “मला उंच ग्लासातलं,” धाकटीनं हात पुढे केला. मी फुलपात्रभर सरबत त्या ग्लासात ओतलं आणि काही न विचारता तिच्या हातात दिलं.