बाळू पालवणकर: ऐकीव आणि खरं

भात कापून मळे मोकळे झाले की मिरजोळ्यापासून रत्नागिरी शहरापर्यंत टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. बक्षिसाची रक्कम मोठी असली की बाहेरून पैसे देऊन खेळाडू आणले जातात, आणि मग कोणीतरी म्हणतंच, ‘आयपीएल आली आणि क्रिकेटचा धंदा झाला.’ आयपीएल २००८ ची. पण क्रिकेटवर पोट भरणारा मराठी माणूस त्याच्या शंभरेक वर्षं आधी होऊन गेला. त्याचं आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं, म्हणून आपल्याकडे त्याचं नाव अभिमानाने घेतात. घ्यावंच. मात्र सोबत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत बरीच भेसळ आहे.

बाळू जन्मला धारवाडला आणि वाढला पुण्यात. घर चर्मकार समाजातलं, वडील लष्कराच्या नोकरीत. पुण्याच्या पारशी क्लबात मैदान झाडायला आणि रोलर ओढायला त्याला महिना ३ रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास तो गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला, तिथे ४ रुपये. म्हणजे पगार मैदान राखण्याचा होता, खेळण्याचा नव्हता. पुढे मुंबईत बीबीसीआय रेल्वेने नोकरी दिली ती त्याचा खेळ पाहून. पण कागदोपत्री तो नोकरदारच. आजच्या अर्थाने ‘व्यावसायिक खेळाडू’ हा शब्द त्याला नीट बसत नाही. तरी हौशीही म्हणवत नाही, कारण हौस परवडणारे साहेब बॅट घेऊन उभे असत आणि हा त्यांना चेंडू टाकत असे.

‘लगान’मधला कचरा म्हणजे बाळूच, असं अनेकजण खात्रीने सांगतात. चित्रपटातली गोष्ट १८९३ ची आहे आणि तेव्हा बाळू खरोखरच पूना क्लबात राबत होता, एवढं जुळतं. पण कचऱ्याचा चेंडू अधू हातामुळे वळतो. बाळूचा वळत होता सरावाने. कॅप्टन ग्रेग हा त्या क्लबातला पट्टीचा फलंदाज. इतरांच्या तासभर आधी येऊन तो नेटमध्ये बाळूकडून गोलंदाजी करून घेई. बाद केल्यावर तो बाळूला आठ आणे देई ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती खरी असो वा नसो, दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे: शेकडो तास गोलंदाजी करूनही त्या नेटमध्ये बाळूच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. डावखुऱ्या फिरकीवरची त्याची हुकमत अशी घडली. तिला उपजत देणगी म्हणणं मला त्या घामावर अन्याय वाटतो.

‘खेळाने जात विसरायला लावली’ हे वाक्य तर भाषणांत हमखास येतं. पुण्याच्या हिंदू संघाने त्याला घेतलं, कारण युरोपियनांना हरवायचं होतं. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे झेलत; चहाच्या वेळी मात्र इतरांना कपबशी आत आणि याला मातीचं भांडं बाहेर. १८९६ च्या प्लेगनंतर तो मुंबईला गेला, हिंदू जिमखान्याकडून खेळला. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्या संघात बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम दोघेही होते. पण कर्णधारपद? अमेरिकेत मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू १८८४ मध्ये बेसबॉलच्या वरच्या लीगमध्ये खेळला आणि मग तो दरवाजा जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत, १९४७ पर्यंत बंदच राहिला. बाळूसाठी दरवाजा उघडा होता; वरची खुर्ची तेवढी दिली जात नव्हती. १९२० मध्ये बाळूला संघातूनच वगळल्यावर शिवराम आणि विठ्ठल या भावांनी निषेध म्हणून माघार घेतली. शेवटी बाळूला उपकर्णधार केलं, आणि कर्णधार पै मैदानाबाहेर गेले असताना थोडा वेळ त्याने संघ सांभाळला. हिंदू संघाचं रीतसर नेतृत्व मिळालं ते विठ्ठलला, १९२३ मध्ये.

बाळू कसोटी खेळला, हाही घोटाळा ऐकू येतो. भारताची पहिली कसोटी जून १९३२ ची, तेव्हा त्याचं वय पंचावन्नच्या पुढे होतं. तो इंग्लंडला गेला १९११ मध्ये, पतियाळाच्या महाराजांच्या संघातून. त्या संघाने २३ सामन्यांत १५ गमावले आणि ६ जिंकले. अशा पडत्या संघात पस्तिशीच्या बाळूने ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्याचे १७९ बळी आहेत, सरासरी पंधराच्या आसपास.

राहिला राजकारणाचा मुद्दा. ‘बाळू आंबेडकरांचा माणूस’ असं सरसकट लिहिलं जातं. तरुण आंबेडकरांना बाळूचं मोठं कौतुक होतं हे खरं. पण स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर वाटा वेगळ्या झाल्या. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत, आणि १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने आंबेडकरांसमोर उभा केलेला उमेदवार होता बाळू पालवणकर. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूला ११,२२५.