रोजची दाढी : सुटे ब्लेड बरे की कार्ट्रिज?

दाढी ही काय लिहिण्याची गोष्ट आहे, असे तुम्ही म्हणाल. कापसाचा भाव आणि दुधाचे फॅट सोडून हा माणूस दाढीवर कुठे आला! पण वाचकहो, पूर्वी आठवड्याच्या बाजारी एकदा होणारी दाढी आता पुष्कळ घरांत रोजची झाली आहे. डेअरीचा सचिव, शाळेतले गुरुजी, एसटीत वाहक असलेला भाऊ, तालुक्याला कॉलेजात जाणारा मुलगा ही मंडळी सकाळच्या घाईत घरीच दाढी उरकतात. नाभिकाच्या हातचे सुख वेगळेच, त्याच्याशी इथे तुलना नाही. प्रश्न आहे तो आपल्या हाताने रोज करायच्या दाढीचा. तिच्यासाठी सुट्या ब्लेडचा जुना सेफ्टी रेझर घ्यावा की तयार डोके बसवायचा कार्ट्रिजचा? आमचे मत कार्ट्रिजच्या बाजूचे आहे.

सेफ्टी रेझरला नावे ठेवायची नाहीत. १९०३ साली अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट याच्या कंपनीने तो विकायला काढला, तेव्हा पहिल्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपले. पुढे मात्र त्याने घराघरांतला वस्तरा मागे सारला. पाते स्वस्त, त्याला दोन्हीकडे धार, आणि पितळी यंत्र असेल तर ते बापानंतर मुलगा वापरतो. खोट एवढीच, की पाते गालाशी किती तिरपे धरायचे हे हाताला ठरवावे लागते. साधारण ३० अंशांचा कोन हवा आणि दाब अजिबात नको, यंत्राच्या वजनानेच ते चालले पाहिजे. उजेड असेल, हात स्थिर असेल आणि वेळ असेल तर यात काही अवघड नाही.

पण आपल्याकडे दाढी कशी होते ते आठवा. माणूस पहाटे धारा काढून आलेला. खांबाच्या खिळ्याला हातभर आरसा, तोही एका कोपऱ्यात पारा उडालेला. वीज असली तर असली. शेजारी तांब्याभर पाणी, आणि डेअरीवर दूध घालायची वेळ होत आलेली. अशा वेळी कंठमण्यावर किंवा हनुवटीच्या वळणावर कोन चुकतोच, मग तुरटीचा खडा शोधत बसा. कार्ट्रिजमध्ये पाते प्लास्टिकच्या चौकटीत ठरावीक कोनात पक्के बसवलेले असते, आणि त्याच्यापुढची पट्टी कातडी ताणून धरते. कोन सांभाळायचे काम हाताकडून चौकटीकडे जाते, हा त्याचा खरा फायदा.

ही तांब्याभर पाण्याची गोष्ट परदेशी कंपनीलाही अनुभवानेच कळली. जिलेट कंपनीने भारतासाठी एक रेझर काढला होता. पात्यात अडकलेले केस ढकलून काढायला त्यात एक दांडी होती. तो तपासून पाहायला दिला कोणाला, तर अमेरिकेतल्या एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय मुलांना! त्यांना तो पसंत पडला. त्यांच्याकडे नळाला धो धो पाणी होते. इथे भांड्यातल्या पाण्यात बुडवल्यावर केस निघेनात आणि पाते तुंबू लागले. मग कंपनीची माणसे इथे येऊन घराघरांतून दाढी कशी होते ते बघत बसली. जमिनीवर बसून, अंधुक उजेडात, हातात आरसा धरून दाढी करणारे लोक त्यांनी पाहिले. त्यातून २०१० साली एकाच पात्याचा, सहज धुतला जाणारा, कातडीला जपणारी दातेरी पट्टी असलेला ‘गार्ड’ निघाला. त्या वेळी रेझर १५ रुपयांना आणि कार्ट्रिज ५ रुपयांना होते.

यात आपल्यासाठी एक खूण आहे. १९७१ साली दोन पात्यांचे कार्ट्रिज आले, १९९८ साली तीन, २००६ साली पाच. ही चढाओढ शहरातल्या नळाखाली चालू द्यावी. आपल्याला एक, फार तर दोन पाती पुरे. पाती जितकी दाटीने, तितके केस अडकतात. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांचे केस अनेक पात्यांनी कातडीच्या आत कापले जातात आणि मग पुटकुळ्या उठतात. आणि हो, चार-आठ दिवस वाढलेल्या दाढीला कार्ट्रिज चालवूच नका. तिथे जुना रेझर किंवा नाभिकाचे दुकानच बरे.

भगिनींनो, आता तुमच्यासाठी. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची किंवा हात कापणाऱ्या वडिलांची दाढी कोणीतरी करावीच लागते. दुसऱ्याच्या सुरकुतलेल्या गालावर सुटे ब्लेड चालवणे हे सरावाशिवाय धाडसाचे काम. कार्ट्रिजने ते घरातल्या कोणालाही जमते. साबण लावण्याआधी कोमट पाण्याचे फडके दोन मिनिटे ठेवा, कातडी ताणून धरा आणि केसांच्या दिशेने हात न्या. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मूठ आणि पाते मात्र प्रत्येकाचे वेगळे हवे. काविळीचे जे ब रूप आहे, त्याचे विषाणू सुकलेल्या रक्तातही सात दिवस टिकून राहतात. भावाभावांत एक रेझर, ही काटकसर नव्हे.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे वापरलेले ब्लेड कोनाड्यात खुपसणे. तिथून ते केरात जाते, केरातून उकिरड्यावर. उन्हाळ्यात खत पांगवायला जातात त्या बायका, उघड्या हातांनी. जनावराचे तर विचारू नका. गाय-म्हैस वैरण नीट न चावताच गिळते. तार, खिळा, ब्लेडचा तुकडा तिच्या जाळीसारख्या दुसऱ्या पोटात जाऊन बसतो, आणि ते पोट काळजाला लागूनच असते. मग चारा सोडलेली, कण्हणारी म्हैस घेऊन डॉक्टरकडे धावपळ. कार्ट्रिजची धार चौकटीत बंद असल्याने बोटाला धोका कमी, पण तेही कुजत नाही. उकिरड्यावर तेही टाकायचे नाही. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडा, वापरलेली पाती त्यात टाका आणि डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा उंच ठेवा.

खर्चाचे काय? पात्याला पाते धरले तर कार्ट्रिज महाग पडते, ते कबूल. पण मोजून बघा. नवे कार्ट्रिज लावले की आरशाशेजारी भिंतीवर खडूने दर दाढीला एक रेघ ओढा. केस ओढले जाऊ लागले की रेघा मोजा, कार्ट्रिजच्या किमतीला त्यांनी भागा, आणि दुकानदार पाच पात्यांचे पाकीट पुढे करील तेव्हा तो आकडा लक्षात ठेवा. दाढी झाली की पाते पाण्यात हलवून झटका आणि कोरड्या जागी उभे ठेवा. केस काढायला ते दगडावर आपटू नका, धार तिथेच जाते.