कोणत्या खिशातला?

गेल्या दिवाळीत कपाटाचा खालचा खण आवरायला काढला आणि त्यातून पाच कॅमेरे निघाले. सहावा टेबलावर होताच. पाचही डिजिटल, पाचही छोटे, आणि प्रत्येक घेताना मी घरात तेच वाक्य बोललो होतो: हा रोजचा, खिशात टाकून फिरायचा. पहिला 2001 सालचा, पाचवा 2013चा. मोडलेला असा एकही नाही. तरी सगळे खणात का गेले, याचा हिशेब त्या दुपारी जमिनीवर बसून मांडला.

डिजिटल येण्याआधीच्या काळात ‘रोजचा फोटो’ ही कल्पनाच नव्हती. कॅमेरा कातडी पेटीत, पेटी कपाटात, आणि ती बाहेर निघायची ती बारसं, मुंज, लग्न किंवा महाबळेश्वरला. 36चा रोल घातला की 37वा, नशीब असेल तर 38वाही निघायचा, आणि तो निघाला की घरभर आनंद. गॅलरीतल्या मांजराचा फोटो काढणारा माणूस उधळ्या ठरायचा.

कॅननचा ‘डिजिटल इक्सस’ 2000 साली आला. पत्त्यांच्या कॅटाएवढा, धातूचा, 21 लाख पिक्सेलचा. परदेशातून येणाऱ्या चुलतभावाला गळ घालून मी पुढच्या वर्षी मागवला. सोबत 8 एमबीचं कार्ड होतं. उत्तम प्रतीचे फोटो ठेवले तर डझनाच्या आसपास मावायचे, म्हणजे रोलपेक्षाही कमी! पण तो सदऱ्याच्या वरच्या खिशात बसायचा. बसायचा म्हणजे काय, खिसा खाली ओढून कॉलर तिरकी करायचा. वाकलो की बाहेर घरंगळायचा. एकदा देवळाच्या पायरीवर चप्पल काढायला वाकलो आणि त्या चकचकीत अंगावर पहिला पोचा पडला. तेव्हापासून तो ‘जपून वापरायचा’ झाला, आणि जपून वापरायच्या वस्तू आपल्याकडे कुठे जातात हे सांगायला नको.

खरं तर त्या 21 लाख पिक्सेलांवर आमच्या घराचं भागत होतं. चार बाय सहा इंचांचा फोटो इंचाला 300 ठिपके धरून छापला तर 1800 गुणिले 1200, म्हणजे 21 लाख 60 हजार ठिपके लागतात. त्याहून मोठा फोटो आम्ही आयुष्यात दोनदा छापला, दोन्ही वेळा भिंतीवर हार घालण्यासाठी. हा गुणाकार चौथीतल्या मुलालाही जमला असता. मला जमला नाही, कारण बाजारात एकच प्रश्न विचारला जात होता: “कितीचा आहे?”

फोर्टातल्या बोरा बाजारात काचेच्या कपाटांपुढे मी हा प्रश्न कितीदा ऐकला आणि स्वतः विचारला. कितीचा म्हणजे किंमत नव्हे, मेगापिक्सेल. तीनचा, पाचचा, सातचा. कॅमेरे तोळ्यावर विकल्यासारखे. हे पिक्सेल ज्या तुकड्यावर बसवतात तो सेन्सर केवढा, हे मात्र कोणी विचारत नव्हतं, आणि विचारलं असतं तर खोक्यावर ‘1/2.5 इंच’ असं काहीतरी छापलेलं दाखवलं असतं. हा अपूर्णांक जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतून आला. त्यांत चित्र टिपणारी काचेची नळी असे आणि तिची ओळख बाहेरच्या व्यासावरून ठरे. चित्र टिपणारा भाग त्याहून बराच लहान. नळ्या गेल्या, मोजमाप राहिलं. म्हणून ‘एक इंची’ म्हणवणारा सेन्सर प्रत्यक्षात 13.2 बाय 8.8 मिलिमीटरचा असतो. एक इंच त्यात कुठल्याच बाजूने सापडत नाही. आणि नंतर बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत बसलेला ‘1/2.3’ हा सुमारे 6.2 बाय 4.6 मिलिमीटरचा, मसुरीच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठा. त्या दाण्यावर पाचाऐवजी बारा दशलक्ष पिक्सेल कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा उजेड कमी होणार, हे खोक्यावर कोण छापणार? पाव शेर तांदळाच्या पातेल्यात पंगतीचा भात शिजवायला घालण्यातला प्रकार.

दुसरा कॅमेरा 2006चा, कॅननचाच ए 540. सहा मेगापिक्सेल, आणि पोटात दोन पेन्सिल सेल. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातले साधे सेल घातले तर शंभर फोटोंतच मान टाकायचा, म्हणून चार्ज होणारे घेतले. ते महिनाभर पडून राहिले की आपोआप रिकामे होत, आणि सहलीच्या सकाळी ते कळे. सेलमुळे कॅमेऱ्याला एका बाजूला फुगवटा होता. सदऱ्याच्या खिशात जाईना, म्हणून कमरेच्या पट्ट्याला पाऊच लावला. एका पाऊचमध्ये मोबाइल, दुसऱ्यात कॅमेरा: त्या काळातला मध्यमवर्गीय पुरुष असा दोन्हीकडून सज्ज दिसायचा.

तिसऱ्याबद्दल मात्र मला आजही माया आहे. फुजीफिल्मचा एफ 31 एफडी. ज्या वर्षी बाकीचे दहा-बारा मेगापिक्सेलकडे धावत होते, तेव्हा हा सहावर थांबलेला, आणि सेन्सर इतरांपेक्षा जरा ऐसपैस. गौरीपुढे ट्यूब बंद करून नुसत्या समयांच्या उजेडात याने काढलेला फोटो मी कितीतरी जणांना दाखवला. फ्लॅश मारला की गौरीचा मुखवटा पांढराफटक आणि मागची आरास काळोखात, असेच फोटो आमच्या अल्बमात वर्षानुवर्षं चिकटवलेले होते. या फोटोत साडीचा काठ दिसत होता, मुखवट्यावरची हळद दिसत होती. बॅटरीही अशी की 580 फोटोंचा दावा, आणि तो जवळपास खरा. पण कंपनीनेच पुढच्या एफ 50 मध्ये बारा मेगापिक्सेल घातले. लोक ‘कितीचा’ विचारतात म्हटल्यावर ती तरी काय करणार? माझा कॅमेरा गेला तो कार्डापायी. त्याला एक्सडी नावाचं वेगळंच कार्ड लागे. बाजार एसडी कार्डाकडे वळला, सोनीनेसुद्धा 2010 मध्ये आपल्या मेमरी स्टिकचा हट्ट सैल केला. एक्सडी मात्र दुकानातून नाहीसं झालं.

चौथा, पॅनासॉनिकचा एलएक्स 3, उत्तम होता आणि खिशातला नव्हता. भिंगाचं नाक कायम पुढे आलेलं आणि त्याला दोरीने बांधलेलं टोपण. झब्ब्याच्या बाजूच्या खिशात तेवढा जाई, म्हणजे वर्षातून चार दिवस. त्याच सुमारास कॅननने एक शहाणपणा केला: जी 10 मधल्या 14.7 मेगापिक्सेलवरून जी 11 मध्ये दहावर उतरली. मोठ्या कंपनीने आपणहून मागे घेतलेलं असं पाऊल मी त्या धंद्यात क्वचितच पाहिलं.

पण तोवर खेळ संपत आला होता. जगभरात 2010 साली 12 कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, त्यांतले बहुतेक खिशातले. 2023मध्ये या छोट्या कॅमेऱ्यांचा आकडा 20 लाखांच्याही खाली होता. मोबाइलने दहा-बारा वर्षांत हा धंदा गिळला. कोडॅकने 2012च्या जानेवारीत दिवाळखोरीसाठी अर्ज केला. डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना 1975मध्ये त्यांच्याच स्टीव्हन सॅसनने बनवला होता, एक फोटो नोंदवायला 23 सेकंद घेणारा.

गंमत अशी की याच 2012 साली या जातीतला सगळ्यात चांगला कॅमेरा आला: सोनीचा आरएक्स 100. तो मघाचा ‘एक इंची’ सेन्सर, वजन 240 ग्रॅम, भिंग आत गेल्यावर पँटच्या खिशात मावणारा. मी 2013मध्ये घेतला. अंग साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत, पण फोटो असे की आता थांबावं. थांबलोही असतो. पण पँटच्या खिशात किल्ल्या असतात, रुमाल असतो, धूळ असते. आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे खिसा नावाची कोरडी जागाच नसते. पावसाळ्यात तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गेला तो दसऱ्याला निघाला.

टेबलावरचा सहावा, रिकोचा जीआर 3. झूम नाही, फ्लॅश नाही, सेन्सर टपालाच्या छोट्या तिकिटाएवढा. बटण दाबल्यावर सेकंदाच्या आत तयार होतो, एका हाताने चालतो. आज कोणी विचारलं तर मी आधी हेच बघायला सांगतो: उघडायला किती वेळ, भिंगाचं झाकण आपोआप मिटतं का, बॅटरी मोबाइलच्या चार्जरवर भरते का. मेगापिक्सेल शेवटी. तरीही त्याची बॅटरी अर्ध्या दिवसात बसते आणि दुसरी बरोबर ठेवायला दुसरा खिसा लागतो.

खणापुढे बसून मी संगणकावरचे फोटो वर्षांनुसार लावले, तेव्हा एक उलगडा झाला. घरातले रोजचे म्हणावे असे फोटो, भाजी निवडणारी आई, शाळेच्या रिक्षात बसलेली मुलगी, गच्चीवरची वाळवणं, बहुतेक सगळे ए 540ने काढलेले होते. आणि ते मी काढलेले नव्हते. मी फुजी घेतल्यावर तो जाडा कॅमेरा बायकोने आपल्या पर्समध्ये टाकला होता. तिला खिशाचा प्रश्न कधी पडलाच नव्हता, कारण तिच्या कपड्यांना खिसेच नव्हते. पर्स मात्र भाजीपासून बँकेपर्यंत सगळीकडे जायची. मी अठरा वर्षं खिसे मोजत होतो.

त्याच दुपारी भाची आली होती. हल्ली तिच्या वयाच्या मुलांना हे जुने कॅमेरे हवे असतात, फ्लॅशचे पांढरे चेहरे आणि सांडलेले रंग यांच्यासाठीच. ज्यांच्यापासून मी पळत होतो, नेमके तेच.

“मामा, यातला कोणता चालतो?”

इक्ससच्या भिंगात बुरशी, फुजीला कार्ड नाही, बाकी दोघांच्या बॅटऱ्या फुगलेल्या. ए 540मध्ये मी पेन्सिल सेल घातले. कुरकुरत भिंग बाहेर आलं. त्याने तारीख विचारली, तिने तो पडदा न वाचताच घालवला आणि पसाऱ्यात बसलेल्या माझा एक फोटो काढला. डोळे मिटलेले, मागे भिंतीवर काळी सावली. “भारी आलाय,” म्हणाली. किती मेगापिक्सेलचा ते विचारलंच नाही. कॅमेऱ्याची दोरी मनगटात अडकवून निघाली, जिन्यापर्यंत जाऊन परत आली आणि चारच्या पाकिटातले उरलेले दोन सेलही मागून घेऊन गेली.